गाडायची मोहरी

१२ फेब्रुवारी

लेकीने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, "आई, बाबांना जे जे बोलावंसं वाटेल ते आधी यात लिही. मग बोलायचं की नाही ते ठरव." मी म्हटलं, मग महिन्याभरात संपेल. ती हसत सुटली. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते.

तर पहिलं हे. ह्यांनी जन्मभर शहराची बस चालवली, एकाच मार्गावर. आणि जन्मभर मला ऐकवलं, की निवृत्त झालो की शेती करणार, आपण खातो ते आपल्या हाताने पिकवणार. मी हो हो म्हणायची. दिवसभर गर्दीत गाडी हाकणाऱ्या माणसाला असलं काहीतरी सुचणारच. पण निवृत्त झाले आणि खरोखरच मामेभावाची पडून असलेली जमीन कसायला मागून आले. वर मला विचारतात, "खूश ना?"

आता आम्ही इथे. दोन खोल्या, मागे पाण्याची टाकी, पुढे उघडी जमीन. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही. नळ सोडला की आधी खोकतो, मग पाणी देतो.

माझं शिवणाचं दुकान आहे, छोटीबरोबर भागीत. (छोटी माझ्याहून हातभर उंच आहे, पण शाळेत पडलेलं नाव सुटत नाही.) खिडकीजवळची जागा माझी, मशीन माझं. ह्यांना स्पष्ट सांगितलंय की एक हंगाम येईन, सप्टेंबर संपला की मी परत. छोटी तोवर जागा धरून ठेवणार आहे. त्यानंतर मात्र दुसऱ्या कुणाला देणार, कारण तिला एकटीला दुकान ओढवत नाही. तिचंही बरोबर आहे. हे कबूल झालेत. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी शब्द फिरवायला नको.

१५ फेब्रुवारी

जमीन म्हणजे नुसता डांबरी रस्ता. आधी जो कसत होता त्याने वर्षानुवर्षे पोती ओतली, फवारे मारले, पीक काढलं आणि निघून गेला. ह्यांनी फावडं मारलं तर ठण्ण आवाज आला. एक गांडूळ दिसेना.

हे म्हणाले, "पहिलं पीक आपण खायचं नाही. ते मातीला द्यायचं. मोहरी पेरायची, कळ्या धरल्या की कापून तिथेच गाडायची. ती कुजते, मातीचं पोट भरतं. मग भाज्या."

"म्हणजे पेरायचं आणि गाडायचं?"

"हो."

"मी आख्खा कोट शिवायचा आणि गिऱ्हाईक यायच्या आधी उसवायचा, असंच ना?"

"कोट कुजत नाही गं," ते म्हणाले.

ह्याला उत्तर म्हणतात का? पण ह्यांनी खूप वाचलंय, भाषणंही ऐकली आहेत. मी गप्प बसले. म्हणजे संध्याकाळपर्यंत बसले.

२ मार्च

पेरणी झाली. हे मूठ भरून फेकत चालले होते, इकडे ढीग, तिकडे टक्कल. मला बघवेना. दोरी ताणली, शिवणाचा खडू घेऊन फळीवर खुणा केल्या, पट्ट्या आखल्या. हे कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"मोहरीला काय माप लागतं का?"

"बेतल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही," मी म्हटलं.

पाठ मोडली आहे. नखांत माती गेली आहे ती निघत नाही. गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या कापडाला अशी बोटं लावली तर छोटी मला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवेल. पण पट्ट्या सरळ आल्यात. उठून पुन्हा एकदा बघून आले.

११ मार्च

उगवलं! सगळीकडे. रेघेत.

२४ मार्च

भाजी घेणारी घरं ठरली. जूनपासून दर आठवड्याला एकेक पिशवी, जे पिकेल ते. निवड नाही, तक्रार नाही, असं ह्यांनी त्यांना हसत सांगितलं आणि माणसं चक्क हो म्हणाली. सगळे ह्यांच्या बसमधले जुने प्रवासी. ह्यांना कुणाचं नाव ठाऊक नाही, थांबा ठाऊक आहे. शाळेसमोरच्या बाई, टपाल कचेरीचे काका, पुलाखालची जोडी. एकेकाबद्दल बोलताना चेहरा असा उजळतो की काय सांगावं. मला वाटतं भाजीच्या कल्पनेनेच ह्यांना भरून येतं.

मात्र एक गोष्ट लिहायची आहे. दुपारी वर्तमानपत्र आणायला म्हणून हे बस स्टँडवर जातात. स्टँड इथून हाकेच्या अंतरावर. जातात ते दिवस कलला की येतात. आज वर्तमानपत्र आणायलाच विसरले! वय झालं, दुसरं काय.

८ एप्रिल

मोहरी गुडघ्याच्या वर आली आणि कळ्या धरल्या. पुस्तकाप्रमाणे ह्या आठवड्यात कापायची.

आज उगाच पट्टीच्या कडेला बसले होते. तेल तापलं की डब्यातली चिमूट टाकायची, तडतडली की पुढचं. जन्मभर हेच केलं. ती कशी दिसते, कशावर लागते, एकदाही मनात आलं नाही. बटण कुठल्या कारखान्यातलं ते मी सांगू शकते, आणि रोज खाते त्याचं झाड मी आज पहिल्यांदा पाहिलं. मला माझीच लाज वाटली. ह्यांना अर्थात सांगितलं नाही, डोक्यावर बसतील.

१० एप्रिल

मधवाले आले. पलीकडच्या बांधावर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. हातात टोपी धरून उभे, जणू मागणी घालायला आलेत.

"वहिनी, मोहरी कधी कापणार?"

"ह्या दोन-चार दिवसांत."

"थोडं थांबाल का? एकदा फुलू द्या. माश्यांना ह्या दिवसांत खायला काही नाही हो. सगळीकडे फवारून ठेवलंय. तुमचीच एक जागा आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता हे पुस्तक काढून भाषण देतील, असं वाटलं. तर म्हणाले, "तू म्हणशील तसं."

लग्नाला इतकी वर्षं झाली. पडद्याचा रंगसुद्धा ह्यांनी माझ्यावर सोडला नव्हता. माझी किंमत कळायला शेवटी शेतात यावं लागलं म्हणायचं! मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "थांबू आपण."

१७ एप्रिल

फुलली.

शब्द नाहीत माझ्याकडे. दाराबाहेर पाऊल टाकलं की पिवळंच पिवळं, आणि त्यातून एक गुणगुण येते, सारखी. भाजीचा क्रेट पालथा घालून मी मध्ये बसून राहते. चहा गार होतो. आज छोटीला फोन करून तोंड उघडलं नाही, नुसता फोन शेताकडे धरला. ती म्हणाली, "अगं, मशीन चालू आहे का तिकडे?"

एवढ्या वर्षांत मी इतके कपडे शिवले, पण माझ्या हातून झालेलं इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. सुखाने रडू आलं. हे हात आणि ही माती, आणि हे सगळं!

पुढच्या आठवड्यात कापू.

२५ एप्रिल

आणखी थोडे दिवस. मधवाल्यांनी बाटली भरून मध आणून दिला. ह्यांना विचारलं तर पुन्हा "तू म्हणशील तसं."

३ मे

पाकळ्या गळल्या आणि आज टिलरवाला आला. मोहरी गाडायचं यंत्र घेऊन, मोठ्या ऐटीत. पहिल्याच पट्टीत काड्या यंत्राच्या पात्यांना अशा गुंडाळल्या की यंत्र आचके देऊन बंद पडलं. सुरीने काड्या सोडवता सोडवता तो माणूस घामाघूम झाला.

"ताई, ह्याचं लाकूड झालंय की. कळ्यांवर असताना बोलवायचं होतं. आता हे गाडलंत तरी वर्षभर कुजायचं नाही. आणि हे बघा," त्याने एक काडी माझ्यासमोर धरली, "शेंगा. बी पडणार सगळीकडे. आता दरवर्षी मोहरीच मोहरी."

तो यंत्र घेऊन गेला. जूनपासून पिशव्या द्यायच्या आहेत, आणि जमीन तशीच, वर काड्यांचं रान. कळ्यांवर असताना कापलं असतं तर एव्हाना भाज्या लावून झाल्या असत्या. आणि हे सगळं मी केलं. फुलं बघत बसले म्हणून! कापड पसरून त्याच्या रंगाकडे बघत बसणारी बाई दुकानात असती तर मीच तिला घरी पाठवलं असतं.

वाईट ह्याचं वाटलं की हे रागावले नाहीत. मी तयारीनिशी भांडायला उभी होते आणि हे म्हणाले, "जाऊ दे. नाही तर नाही. आपण शहाण्यासारखं लवकर परत जाऊ."

परत जाऊ? ज्या माणसाने जन्मभर माझे कान खाल्ले तो असं म्हणतो? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "त्या माणसांना शब्द दिलाय आपण. तोंड कसं दाखवणार?"

टाकीमागे जाऊन पोटभर रडले. मग नाक पुसलं आणि विळा शोधला.

९ मे

गाडता येत नाही तर वर पसरायचं. हे मला सुचलं, कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही. नवं कापड विरळ असेल तर मी आत अस्तर देते. इथे माती नागडी आहे, तर तिला वरून द्यायचं. काड्या कापून जागच्या जागी जाड थर पसरायचा आणि बोटाने भोक पाडून त्यातून रोप लावायचं.

कापायला लागलो आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांची कंबर धरली, ते आत पडून आहेत. मधवाले आणि त्यांची बायको विळे घेऊन आले. मी नको नको म्हटलं. मधवाले म्हणाले, "वहिनी, मध आम्ही खाल्ला, काड्या तुम्ही एकटीने कापायच्या, हे काही बरोबर नाही." त्यांची बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी ह्यांना तेव्हाच सांगितलं होतं, लोकांच्या शेतात नाक खुपसू नका." मला ती बाई फार आवडली.

तळहातांना फोड आलेत. जेवताना घास धरवेना, चमच्याने जेवले. भूक मात्र अशी की ताट चाटून पुसून.

२८ मे

घेवडा, मुळा, भेंडी, दुधी, टोमॅटो, सगळं लावून झालं. उशीर झालाच आहे. आणि टिलरवाल्याच्या जिभेवर काळा तीळ असावा. जिथे बोट जाईल तिथे मोहरी उगवली आहे. वाटेवर मोहरी, टाकीखाली मोहरी, उंबऱ्याच्या फटीत मोहरी. उपटता उपटता नाकी नऊ आले.

छोटीचा फोन आला. घेवड्याला काठ्या कशा लावल्या ते तिला समजावून सांगत होते, तोच म्हणाली, "आणि दुकान कसं चाललंय ते विचारलं नाहीस."

"विचारणारच होते."

"हो का?" ती म्हणाली.

छोटीचा स्वभाव हल्ली जरा तिरकस झालाय. एकटीवर ताण पडतो बिचारीच्या.

१४ जून

पहिल्या पिशव्या गेल्या. त्यांत काय होतं ते लिहायलाही लाज वाटते. मुळे, आणि मोहरीचा कोवळा पाला. बाकी काहीच तयार नाही. मी म्हटलं, एक आठवडा पुढे ढकला. हे म्हणाले, ठरली वेळ म्हणजे ठरली वेळ, गाडी चुकवायची नाही. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशव्यांसकट पहिल्या बसने गेले. प्रत्येक थांब्यावर माणसं उभी होती म्हणे.

संध्याकाळी आले ते वेगळेच. कमरेच्या दुखण्याचं नाव नाही. पुलाजवळ नवा सिग्नल बसवलाय, डेपोतली नवी पोरं ब्रेक कसे करकचून दाबतात, तीन नंबरच्या गाडीचा गिअर अजून तसाच अडकतो, सगळं सांगून झालं.

"आणि पाल्याचं काय म्हणाले?"

"कुठल्या पाल्याचं?"

मग आठवून म्हणाले, हो, आवडला वाटतं.

आपल्या भाजीचा अभिमान माणसाला असा बोलका करतो. बरं वाटलं मला.

२१ जून

पुन्हा मुळा आणि पाला. टपाल कचेरीच्या काकांनी ह्यांना विचारलं, "साहेब, घरी बकरी पाळायची का आता?"

२९ जून

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

टोमॅटोला पाणी देताना काड्यांचा थर जरा उचलून पाहिला. खाली माती काळी, ओली, हाताला मऊ. आणि त्यात गांडूळ. एक नाही, जिथे उचलावं तिथे. एक तर चांगलं करंगळीएवढं जाड. मी ओरडले, "अहो! अहो, लवकर या!" धावत घरात गेले तर हे नाहीत. स्टँडवर.

मग मी बांधावर जाऊन मधवाल्यांना हाक मारली. ते आणि त्यांची बायको दोघे आले, तिघे ओणवे होऊन बघत राहिलो. मधवाल्यांची बायको म्हणाली, "माश्यांसाठी जाळीची टोपी घालून आयुष्य गेलं, असं खाली वाकून कधी बघितलंच नाही." मग छोटीला फोन केला. तिला गांडुळाचा रंग, लांबी, सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं, आता मला एका बाईंच्या बाह्या लावायच्या आहेत."

मेलेल्या जमिनीत हे आलं कुठून? कुणी आणलं नाही, विकत घेतलं नाही. खायला मिळालं आणि आले. 

हे अंधार पडायला आले. सांगितलं. "अरे वा," म्हणाले, "छान झालं," आणि चपला काढून पाय धुवायला गेले.

१९ जुलै

पिशव्या आता जड होतात. घेवडा इतका की तोडून संपत नाही. शाळेसमोरच्या बाई स्वतः शेत बघायला आल्या. ह्यांना मी म्हटलं, तुम्ही दाखवा. ह्यांनी त्यांना घेवडा दाखवला, त्याला चवळी म्हणाले. मी हळूच खोकले.

मग मीच फिरवलं. वेलीवरची शेंग तोडून बाईंच्या हातात दिली. त्यांनी पुसली न पुसली, तोंडात टाकली आणि चावत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी वर्गात झाडाचे भाग शिकवते. मूळ, खोड, पान. फळ्यावर."  जाताना मोहरीचं रोप कुंडीत घालून मागून नेलं. मी म्हटलं, एक कशाला, गाडी भरून न्या!

४ ऑगस्ट

लेक राहायला आली. पोटभर जेवली. आज मी घेवडा नुसता मीठ घालून उकडला होता, तिने तीनदा वाढून घेतला. लहानपणी हीच पोरगी घेवडा ताटाखाली लपवायची.

"आई, बाबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय? ह्यासाठीच तर जन्मभर झुरले."

"गप्प गप्प वाटतात."

"सुखात माणूस गप्पच असतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्याकडे पाहायची, ती गणित चुकवायची तेव्हा. दुपारी बापलेक स्टँडवर गेले, बऱ्याच वेळाने आले. काहीतरी शिजतंय दोघांत. माझा वाढदिवस येतोय, त्याचंच असणार. मी ताकास तूर लागू दिली नाही.

जाताना तिने विचारलं, "घरी कधी येणार?"

मी म्हटलं, "अगं, घरीच तर आहे." मग लक्षात आलं की तिने शहरातल्या घराचं विचारलं होतं. म्हटलं, "सप्टेंबर संपला की. ठरलंय ना."

२० ऑगस्ट

वाढदिवस झाला. हे दोघे काहीच करत नव्हते. मला स्वेटर मिळाला.

६ सप्टेंबर

पुढच्या हंगामाची आखणी केली. दुधी टाकीच्या बाजूला, कारण तिथे ओल राहते. घेवड्याची जागा बदलायची. मोहरी पुन्हा पेरायची, पण अर्धी कळ्यांवर कापायची आणि अर्धी मधवाल्यांसाठी फुलू द्यायची, मग ती पसरायला. म्हणजे दोघांचं भागलं. बी कापडात पुरचुंड्या बांधून फडताळात ठेवलं. स्वयंपाकघराची खिडकी सुताराकडून नीट करून घ्यायची आहे, थंडीच्या आत.

मी नसेन अर्थात. पण ह्यांना एकट्याला सुधरायचं नाही, म्हणून करून ठेवते.

२२ सप्टेंबर

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी मी टोमॅटो निवडत होते. हे समोर येऊन बसले. पायांतल्या चपला काढल्या, पुन्हा घातल्या. म्हणाले, "तुला काहीतरी सांगायचंय. तू रागावू नकोस."

असं म्हटलं की मी आधीच रागावते.

"डेपोतून विचारलंय मला. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला कुणीतरी जुना माणूस हवाय. मे महिन्यात विचारलं होतं, मी टाळत आलो. आता परत विचारलंय."

"मग?"

"मला जायचंय."

मी टोमॅटो खाली ठेवला.

"मला नाही गं आवडत हे," ते म्हणाले. जमिनीकडे बघत बोलत होते, लहान मुलासारखे. "मला वाटलं होतं आवडेल. जन्मभर वाटलं. पण इथे दिवसभर कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. मला करमत नाही. माती हातात घेतली की तुला काहीतरी होतं, मला काहीच होत नाही. आणि माझ्या हट्टापायी तुला दुकान सोडायला लावलं, आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून गप्प बसलो. लेकीला कळलं. ती म्हणाली, आईला सांगा. पण आता तुझाही सप्टेंबर संपतोच आहे. आपण दोघेही जाऊ. तुला हवं तसंच झालं ना?"

मला हवं तसं!

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी उभी राहिले आणि ओरडले, "आणि मोहरी कोण पेरणार? तुमचा डेपो?" मग मी म्हणाले, की दुधीला आताच फुलं लागलीत. की गांडुळं मी आणली. की त्या शाळेसमोरच्या बाई आता प्रत्येक पिशवीत चिठ्ठी ठेवून विचारतात, पुढच्या आठवड्यात काय, त्यांना काय सांगू? की एवढी पाठ मोडून मी ही जमीन जिवंत केली आणि तुम्ही म्हणता परत जाऊ? मी कुठेही जाणार नाही!

हे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी सुद्धा. हे वाक्य माझंच होतं का, ते मला कळेना.

"पण तू तर म्हणत होतीस..." ते म्हणाले.

"म्हणत होते!"

आणि मी टोमॅटो उचलून आत गेले, आणि दार लावून घेतलं, आणि चुलीसमोर बसून हसू की रडू ते न कळून दोन्ही केलं. त्या सगळ्या दुपारच्या खेपा. तो इस्त्रीचा शर्ट. तू म्हणशील तसं. एवढे दिवस माझ्या नाकासमोर एक माणूस कोमेजत होता, आणि मी पानं कुणाची पिवळी पडतात ते घेवड्यात शोधत होते. फार वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर, त्याच क्षणी असंही वाटलं की मला मात्र इथे किती छान वाटतंय, किती महिने वाटतंय.

२३ सप्टेंबर

सकाळी अबोला. दुपारी हे स्टँडवर गेले नाहीत. माझ्या मागे मागे काड्या उचलत फिरले. शेवटी मीच म्हटलं, "आठवड्याचे किती दिवस शिकवायचंय?"

"चार."

"लेकीकडे राहाल?"

"राहीन की. पण तू इथे एकटी?"

"एकटी कुठे, मधवाल्यांची बायको आहे. आणि पिशव्या तुम्हीच न्यायच्या. त्या माणसांना तुमचीच सवय आहे. मी गेले तर त्यांना थांबेसुद्धा सांगता यायचे नाहीत मला."

हे माझा मातीचा हात घेऊन दोन्ही हातांत धरून बसले. मग उठून एका दमात सांगितलं, की सोमवारी पहिली बस किती वाजता, शुक्रवारी परतीची कुठली, तिच्या टपावर काय मावतं, आणि मधल्या थांब्यावर ती किती वेळ थांबते. इतक्या महिन्यांनी मी ह्यांना आखणी करताना पाहिलं. आम्ही कधी नव्हे ते एकमेकांना हवं ते देऊन बसलो होतो आणि वर दोघांनाही ते उपकार वाटत होते.

२४ सप्टेंबर

छोटीला फोन करायला धीर होईना. इतके महिने बिचारीने जागा धरून ठेवली, एकटीने दुकान ओढलं, आणि आता मी तोंडाला पानं पुसणार. तीनदा फोन हातात घेतला. शेवटी हे म्हणाले, "लाव. मी बसतो इथे."

"छोटी," मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तू रागावू नकोस."

"बोल."

"मी येत नाही गं. इथेच राहते. माझी जागा तू दुसऱ्या कुणाला देऊन टाक."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. दोन मशीनचा आवाज येत होता.

"दिली की," छोटी म्हणाली.

"कधी?"

"जूनमध्ये. तू गांडुळाचं सांगितलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाई चांगली आहे, काजं-बटणं सुरेख करते. तुझं मशीन मी झाकून कोपऱ्यात ठेवलंय, गाडी मिळेल तेव्हा घेऊन जा."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कळायचं होतं ना आधी," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."

फोन ठेवला. ह्यांच्याकडे वळून मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? मी जाणार नाही म्हणून?"

"छे," हे म्हणाले. "मला तर परवा कळलं. तू ओरडलीस तेव्हा."

"मलाही तेव्हाच," मी म्हटलं.